चव हवी, माणसे नकोत

गेल्या एप्रिलमध्ये एका जुन्या स्नेह्यांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गोव्यात बारदेश तालुक्यातील समुद्रकाठच्या एका व्हिलात तीन दिवस राहण्याचा योग आला. स्नेही आमच्यासारखेच आयुष्यभर मास्तरकी केलेले. व्हिला त्यांच्या परदेशस्थ मुलांनी भाड्याने घेतला होता. पोहण्याचा तलाव, तलावाकाठी आरामखुर्च्या, खुर्च्यांपलीकडे माडांची एक ओळ आणि त्या ओळीपलीकडे समुद्र. दिवाणखान्यातील मेजावर पाहुण्यांसाठी एक छापील पत्रक ठेवलेले होते. येथील स्थानिक वाइनचा आणि स्थानिक अन्नाचा आस्वाद घ्या, चार दिवस इथल्या माणसांसारखे जगून पाहा, असा त्या पत्रकाचा एकंदर आशय. पत्रक वाचून मी तसे करण्याचे मनावर घेतले, आणि तेथूनच पंचाईत सुरू झाली.

कारण गोव्याच्या किनाऱ्यावर वाइन पिकत नाही. दारूच्या बहुतेक दुकानांवर तेथे 'वाइन्स' अशी पाटी असते हे खरे. परंतु द्राक्षाचा मळा काही त्या दुकानामागे नसतो. आमच्या मेजावर 'स्थानिक' म्हणून आलेली बाटली नाशिक जिल्ह्यातील होती. 'पोर्ट' या नावाने जी गोड लाल वाइन गोव्याची म्हणून खपते तिचीही द्राक्षे बाहेरूनच येतात. मग निदान सुरमई तरी? ती कोठली, असे व्यवस्थापकास विचारले तर मडगावच्या घाऊक बाजारातली, एवढेच तो सांगू शकला. आणि त्या बाजारात परराज्यांतून मालमोटारी भरभरून मासळी येते हे जुलै २०१८ मधील फॉर्मेलिनच्या प्रकरणाने साऱ्यांना कळून चुकले आहे. पाव यीस्टने फुगवलेला, भात बासमतीचा, व्हिनेगर कारखान्याचे. पत्रकातील 'स्थानिक' या शब्दाला उतरेल असे त्या घरात एकच होते, ते म्हणजे शेजारच्या गावातून स्कूटरवरून येणारी स्वयंपाकीण बाई.

त्या बाईंना मी विचारले की, माडाची सूर कोठे मिळेल. त्यांनी हातातले भांडे खाली ठेवले आणि म्हणाल्या, "आतां सूर खंय मेळटा, बाब?" त्यांचे वडील रेंदेर होते. माडावर चढून सूर काढणाऱ्याला गोव्यात रेंदेर म्हणतात. आम्ही ज्या माडांच्या ओळीतून समुद्र पाहत बसलो होतो त्याच माडांवर तो माणूस दिवसातून तीनदा चढत असे. पुढे भाट, म्हणजे ती माडांची बाग, विकली गेली. एक भाऊ आखातात गेला, दुसरा टॅक्सी चालवतो. माड ठेवले आहेत ते शोभेसाठी. पाहुण्यांच्या डोक्यात नारळ पडू नयेत म्हणून ते कोवळे असतानाच उतरवून टाकतात.

तिसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या नात्यातल्या एकाच्या भट्टीवरची हुर्राक माझ्यासाठी एका बाटलीत घालून आणली. व्यवस्थापकाने ती फाटकातच अडवली. बाहेरची दारू आत आणण्यास परवानगी नाही, असा नियम होता. 'बाहेरची' हा शब्द मी नीट ऐकला. डोंगरापलीकडच्या गावातली हुर्राक बाहेरची आणि शेकडो किलोमीटरांवरून आलेली वाइन घरातली! सुखवस्तू वर्गाने 'स्थानिक' या शब्दाची जी वासलात लावली आहे तिचे याहून चोख उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

या एका व्हिलाच्या मालकाविरुद्ध लिहिण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही; तो जो धंदा करतो तो आज कायदेशीर आहे, प्रतिष्ठित आहे आणि त्याला सरकारचा आशीर्वाद आहे. माझी तक्रार त्या धंद्याच्या गाभ्याविषयी आहे. किनाऱ्याची चव विकून जो व्यवसाय पैसा करतो तोच ती चव निर्माण करणाऱ्या माणसांच्या पायाखालची जमीन, डोक्यावरचा माड आणि समोरचा समुद्र काढून घेतो. हे दोन्ही एकाच व्यवहाराचे भाग आहेत आणि ते वेगळे करता येत नाहीत.

वाचकांपैकी अनेकांनी फेणीचे केवळ नावच ऐकले असेल, आणि तेही हसण्यावारी. म्हणून ती होते कशी हे सांगितले पाहिजे. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. मार्च ते मे या तीन महिन्यांत बोंडू पिकून आपण होऊन गळतात. झाडावरून ते ओरबाडायचे नाहीत, खाली पडलेलेच वेचायचे, असा जुना शिरस्ता. वेचणे हे बहुधा बायकांचे काम. बी वेगळी काढून बोंडू दगडी कुंडीत टाकतात, तिला कोळंबी म्हणतात, आणि त्यात उतरून ते पायांनी तुडवतात. तुडवलेल्या चोथ्यावर वजन ठेवले की त्यातून जो गोड रस ठिबकतो तो निरो. तुडवून निघालेला रस मडक्यात आंबू द्यायचा आणि मग लाकडाच्या जाळावर त्याचे ऊर्ध्वपातन करायचे. पहिल्या धारेची ती सौम्य हुर्राक; ती टिकत नाही, हंगामातच संपवायची. हुर्राक पुन्हा रसात मिसळून भट्टीवर चढवली की फेणी. या सर्व खटाटोपात पाठीवर टोपली घेऊन उन्हात डोंगर चढणारे, जाळ धुमसत ठेवणारे आणि नुसत्या वासावरून धार ओळखणारे असे निरनिराळे कसब लागते. त्यातील एकही गोष्ट शाळेत शिकवली जात नाही.

माडाची फेणी याहून जुनी. तिच्यासाठी रेंदेराने माडाचा पोगा बांधायचा, रोज कातीने त्याचे टोक तासायचे, मडक्यात जमलेली सूर उतरवायची. याच सुरीने पोदेराचा पाव फुगत असे, हिच्यातच सान्नांचे पीठ भिजत असे, हीच आंबून व्हिनेगर होई आणि त्या व्हिनेगराशिवाय बालचाव किंवा व्हिंदालू यांना काही अर्थ नसे. हीच आटवून माडाचा काळा गूळ होई. म्हणजे ज्या पाककृतींची नावे आज व्हिलाच्या पत्रकावर सुबक अक्षरांत छापलेली असतात, त्यांच्यातील अर्ध्याअधिकांचा आंबटपणा आणि गोडवा एका माणसाच्या चढण्या-उतरण्यावर उभा होता. तो माणूस माडावरून उतरला आणि पुन्हा चढला नाही. त्याच्या मुलाने चढू नये असे त्यालाही वाटत होते, हे मी नाकारत नाही. पडून मेलेल्या रेंदेराच्या घरी कोण जाते? भाटकाराला खंड, सरकारला कर आणि समाजाकडून 'दारू काढणारा' ही पदवी, एवढेच त्याच्या पदरी पडत आले. त्यामुळे रेंदेराच्या मुलाने टॅक्सी धरली तर त्याला परंपरा सांगण्याचा अधिकार तलावाकाठी पहुडलेल्या कोणासही नाही.

हा तिरस्कार राज्यकर्त्यांनी कसा जोपासला याचा इतिहास बोलका आहे. ज्या पोर्तुगालने १७५६ साली आपल्या दोरू खोऱ्यातील द्राक्षमळ्यांच्या सीमा आखून तेथील वाइनच्या नावाला संरक्षण दिले, त्याच पोर्तुगालने १८७८ साली ब्रिटिशांशी करार करून गोव्यातील मिठाचा मक्ता त्यांच्या हवाली केला आणि मुंबई इलाख्याची आबकारी पद्धत गोव्यातील रेंदेरांवर लादू दिली. मोबदला ठरला वर्षाला चार लाख रुपये आणि मुरगावची रेल्वे. १८९२ साली तो करार संपेपर्यंत मिठागरे आणि माड या दोहोंवर जगणाऱ्यांचे कंबरडे मोडले होते. घरच्या द्राक्षाला सीमा आणि सन्मान, वसाहतीतल्या माडाला जप्तीचा शिपाई. साम्राज्यशाही म्हणजे काय हे समजून घ्यायला यापेक्षा जाड ग्रंथ वाचण्याची गरज नाही.

मुक्तीनंतर, १९६१ नंतर, चित्र बदलायला हवे होते. काही बदललेही. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. असा मान मिळवणारी ती भारतातील पहिली दारू. परंतु तो काजूच्याच फेणीला. अधिक जुनी असलेली माडाची फेणी बाहेर राहिली. २०१६ साली गोवा विधानसभेने फेणीला राज्याचे वारसापेय ठरवले. आणि वाचकहो, त्याच २०१६ साली, त्याच विधानसभेने वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माड हा 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला! माडाला खोडाच्या फांद्या नाहीत, म्हणून तो झाड नाही, असले वनस्पतिशास्त्र त्यावेळी ऐकवण्यात आले. ज्याला तोडायचे त्याचे आधी नाव काढून घ्यावे लागते, ही सत्तेची जुनी रीत. गोव्याच्या जनतेने गावोगाव एवढा संताप व्यक्त केला की दुसऱ्याच वर्षी नव्या सरकारला दुरुस्ती मागे घेऊन माडाला राज्यवृक्ष घोषित करावे लागले. हा विजय लहान नाही. परंतु माड वाचला तो राज्यवृक्ष म्हणून. त्यावर चढणाऱ्याला कोणी राज्यपुरुष केले नाही.

नावाला संरक्षण मिळाले, डोंगराला नाही. फेणी हे नाव कोणा परक्या कारखानदाराला वापरता येणार नाही, हे ठीक. पण काजूचा डोंगर सपाट करून त्यावर वसाहत उभारायला भौगोलिक निर्देशांक आडवा येत नाही. २०२३ साली गोव्याच्या नगर आणि ग्रामनियोजन कायद्यात कलम १७(२) घालण्यात आले. प्रादेशिक आराखड्यातील 'चुका दुरुस्त' करण्यासाठी ते आहे असे सांगितले गेले. आणि चुका सापडल्या त्या शेतजमिनी, बागा व डोंगरउतार यांनाच घरबांधणीच्या पट्ट्यातून वगळले गेल्याच्या! मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्या कलमाखालील नियम रद्दबातल ठरवले. तोवर २०२४ साली कलम ३९अ आणून भूखंडापुरता पट्टा बदलण्याची दुसरी वाट मोकळी करून ठेवलेली होतीच. एक दार न्यायालयाने लावले की विधिमंडळाने दुसरे उघडावे, हा खेळ कोणासाठी चालला आहे? काजू वेचणाऱ्या बाईने आपल्या भाटाचा पट्टा बदलून द्या असा अर्ज केल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

समुद्राची कथा निराळी नाही. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास बजावले. इंदिराबाईंच्या राजवटीचे आम्ही भाट कधीच नव्हतो, परंतु हे पत्र न्याय्य होते. त्याचेच रूप पुढे १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेला आले. त्यानंतर दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होत २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणण्याची मुभा दिली. कारण काय, तर स्थानिकांना घरे बांधता यावीत आणि पर्यटन वाढावे. स्थानिकाचे नाव पुढे करून पर्यटनाला जागा द्यायची! जो मच्छीमार जुन्या अधिसूचनेखाली आपल्या झोपडीची कौले बदलायला परवानगीसाठी हेलपाटे घालत होता, तो या सवलतीचा लाभ घेणार की शेजारचा भूखंड विकत घेतलेला दिल्ली-मुंबईचा गुंतवणूकदार?

रापण म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला मोकळ्या वाळूचे महत्त्व सांगावे लागत नाही. होडीतून जाळे समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग गावची माणसे, बायका-पोरांसह, दोन्ही टोकांचे दोर धरून ते किनाऱ्यावर ओढतात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. विधवेला वाटा, म्हाताऱ्याला वाटा. सहकाराची इतकी जुनी आणि इतकी उघड्यावरची शाळा आम्ही समाजवादी मंडळींनी शिबिरांत शिकवायला हवी होती. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले आणि या रापणकारांच्या तोंडचा घास त्यांनी उचलला. त्याविरुद्ध गोव्याच्या रापणकारांनी जो लढा दिला त्याचे एक फळ म्हणजे १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरपर्यंतचा समुद्र पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव झाला. कागदावर. प्रखर दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून उपसण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, तीही बरीचशी कागदावरच. एवढे सोसून जी रापण उरली तिला आता ओढायला वाळू नाही, कारण वाळूवर आरामखाटा मांडलेल्या आहेत. व्हिलातील पाहुणा सकाळी फेरफटका मारताना दोर ओढणाऱ्यांचे छायाचित्र घेतो आणि दुपारी मालमोटारीतून आलेली सुरमई खातो.

खाजन जमिनींविषयी मात्र आपल्याच पक्षाच्या पदरी थोडा दोष बांधावा लागेल. खाडीकाठी बांध घालून, भरतीओहोटीचे पाणी मानशीच्या दारातून आतबाहेर करून, समुद्रसपाटीपेक्षा खोल असलेल्या त्या शेतांत गावकऱ्यांनी शतकानुशतके खारे पाणी सोसणारा कोरगुट भात पिकवला आणि त्याच पाण्यात मासळी व कोळंबी पकडली. हा सारा व्यवहार गावकारीच्या सामूहिक शिस्तीवर चाले. गावकारीत उच्चवर्णीय पुरुषांचे वर्चस्व होते हे खरेच, आणि १९६४ च्या कूळ कायद्याने व १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन मिळाली हे सर्वथैव न्याय्य होते. परंतु बांध कोणी राखायचे याचे उत्तर आम्ही कायद्याच्या कलमांवर सोडून दिले. कूळसंघ झाले, पण पुष्कळ ठिकाणी भातापेक्षा मानशीच्या पावणीत अधिक पैसा दिसू लागला. पाणी जास्त काळ आत ठेवले गेले, बांध खचले, शेते खारावली. आणि खारावलेल्या, पडीक शेताला गिऱ्हाईक कोण, हे सांगायला नको. 'कसेल त्याची जमीन' म्हणून आम्ही गर्जना केली. 'राखेल त्याचा बांध' ही दुसरी ओळ म्हणायला विसरलो.

यावर ठराविक उत्तर असे की, पर्यटनाने रोजगार मिळतो. मिळतो ना! आमच्या व्हिलाची राखण करणारे जोडपे झारखंडचे होते. बागकाम करणारा मुलगा कर्नाटकातला. त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही, गोव्यात 'बाहेरचा' म्हणून त्यांनाच हिणवले जाते याची मला लाज वाटते. ज्याने जमीन विकत घेतली तो बाहेरचा ठरत नाही, आणि जो त्याच्या अंगणातला पाचोळा काढतो तो ठरतो. परंतु रोजगाराचा हिशेब मांडताना मिळालेल्या चाकऱ्या मोजायच्या आणि गेलेले धंदे मोजायचे नाहीत, ही कुठली गणिताची रीत? रेंदेर, पोदेर, रापणकार, मीठ पिकवणारे आगरी हे गरीब होते, पण कोणाचे नोकर नव्हते. त्यांच्या मुलांना गणवेश घालून त्यांच्याच आजीच्या हातचे जेवण वाढायला लावणे, याला मी रोजगारनिर्मिती म्हणायला तयार नाही.

आता आपल्या घरातल्या आक्षेपाकडे वळतो, कारण हा लेख वाचून अनेक ज्येष्ठांच्या कपाळी आठ्या पडल्या असतील. समाजवादी साप्ताहिकाने दारूची तरफदारी करावी? दारूने संसार कसे उद्ध्वस्त होतात हे मी वस्तीत राहून पाहिले आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान करून ज्या भगिनींनी गावातील दुकाने बंद पाडली त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु महाराष्ट्राच्या दारूविषयक धोरणात नीती किती आणि वर्गहित किती याची तपासणी आम्ही कधी केली काय? १८९२ साली इंग्रज सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत आदिवासींच्या मोहफुले साठवण्यावर बंधन घातले ते त्यांच्या कल्याणासाठी नव्हे. मक्तेदारांच्या भट्ट्यांचा महसूल बुडू नये म्हणून. स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला; त्याच्या चौकटीत पुढे परवाने आले, आणि अधिकृत 'देशी दारू' झाली ती साखर कारखान्यांच्या मळीपासून निघणाऱ्या मद्यार्काची. शेतकऱ्याच्या बोंडूची किंवा आदिवासीच्या मोहाची दारू मात्र गुन्हाच राहिली. २००१ साली द्राक्षाच्या वाइनसाठी वेगळे धोरण आखून तिला उत्पादनशुल्कात सूट दिली गेली. शेतकऱ्याचे हित, असे कारण. द्राक्ष बागायतदार शेतकरी आणि काजू-मोहवाला कोण? जानेवारी २०२२ मध्ये वाइन मोठ्या किराणा दुकानांत विकण्याचा निर्णय झाला तेव्हा तर वाइन म्हणजे दारू नव्हेच, असा युक्तिवाद जबाबदार पुढाऱ्यांनी केला. आणि त्याच वर्षी काजू व मोह यांपासूनच्या मद्याला 'देशी' गटातून काढून 'विदेशी मद्य' असा दर्जा देण्याचे ठरले. सावंतवाडीच्या डोंगरातल्या बोंडूला प्रतिष्ठा हवी असेल तर त्याने आधी परदेशी व्हायचे!

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरावर गरीब माणसे विषारी दारूने मेली. ते विष मिथेनॉल होते, कारखान्यात वापरायचे रसायन. कोणा रेंदेराच्या मडक्यातले नव्हते. गरिबाला स्वस्तात मरण विकणारी साखळी आणि हंगामात डोंगरात जाळ लावून बसणारा भट्टीवाला यांना आम्ही एकाच तागडीत तोलले, म्हणून भट्टीवाल्याच्या मदतीला कधी गेलो नाही. आणि आम्ही गेलो नाही म्हणून त्याच्या घरी आज बाटलीबंद फेणीचे व्यापारी आणि व्हिलांचे दलाल जातात. गांधीजींच्या नीरा-प्रचारात माड आणि ताड यांच्यावर जगणाऱ्यांच्या पोटाची काही चिंता तरी होती. आमच्या पांढरपेशा दारूबंदीत ती उरली नाही.

हे सारे गोव्याचे, आपल्याला काय, असे सिंधुदुर्गातील वाचकांनी म्हणू नये. मी स्वतः वेंगुर्ले तालुक्यातला. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या. आज देवबाग-तारकर्लीपासून शिरोड्यापर्यंत वाळूला लागून असलेल्या जमिनींचे दलाल गावागावांत फिरत आहेत. शिरोडा-वेळागर येथे पंचतारांकित हॉटेलासाठी १९९० च्या दशकात संपादित केलेल्या जमिनीवरून गावकऱ्यांचा तंटा वर्षानुवर्षे चालला. हे तेच शिरोडे, जेथे मे १९३० मध्ये सत्याग्रही मिठागरांत उतरले आणि लाठ्या खाऊन मूठभर मीठ उचलले. समुद्राच्या पाण्यावर आणि त्याकाठच्या मातीवर तेथे राहणाऱ्यांचा हक्क आहे, एवढेच ते मीठ सांगत होते. आपल्या डोंगरांत दर उन्हाळ्यात बोंडू कुजतात, काही टेंपोत भरून बांद्यावरून गोव्याकडे जातात, आणि तिकडे त्यांची झालेली फेणी व्हिलाच्या मेजावर 'स्थानिक' म्हणून मिरवते.

तेव्हा काजू उत्पादकांच्या सहकारी संस्थांनाच, आणि त्यांनाच आधी, भट्टीचे परवाने मिळाले पाहिजेत. 'विदेशी' दर्जाचा लाभ परजिल्ह्यातील मद्यसम्राटांनी उचलण्यापूर्वी. रापण ओढायची वाळू गावाच्या नावे नोंदली गेली पाहिजे आणि तिच्यावर खाट मांडायची तर ग्रामसभेची परवानगी लागली पाहिजे. माडी काढणाऱ्या भंडारी समाजातील जी थोडी माणसे आजही चढतात त्यांना विमा आणि निवृत्तिवेतन हवे. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे जनसुनावणीसाठी येतात तेव्हा इंग्रजी नकाशे पाहून आपले लोक माना डोलावतात आणि परततात. त्या सुनावणीला मराठी नकाशा मागायचा, आणि रापण कोठे लागते, होड्या कोठे ओढल्या जातात, मासळी कोठे वाळते, हे त्यावर दाखवल्याशिवाय उठायचे नाही. वेंगुर्ले आणि मालवण येथील कार्यकर्त्यांनी या पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, गावोगाव बसून आपले नकाशे आपणच काढायला घ्यावेत. माझ्याकडे शिरोड्याच्या मिठागरांचा एक जुना हातनकाशा आहे. तो मी द्यायला तयार आहे.